वाद, जल्प आणि क्षेपणास्त्रे

आपल्या न्यायशास्त्रात चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. खरे काय ते दोघांनी मिळून शोधायचे, तो वाद. काहीही करून जिंकायचे, तो जल्प. आणि स्वतःची बाजू मांडायचीच नाही, समोरच्याची तेवढी मोडायची, ती वितंडा. मी कॉलेजात तर्कशास्त्र शिकवतो. हे तीन प्रकार मुलांना सांगताना एक उदाहरण फार उपयोगी पडते. ते जुन्या पोथीतले नाही. शत्रूचे क्षेपणास्त्र वाटेतच, आकाशात पाडता येईल काय, या प्रश्नावर अमेरिकेत साठाहून अधिक वर्षे चाललेले भांडण, हेच ते उदाहरण.

प्रश्न मात्र पोरखेळाचा नाही बरं का! सप्टेंबर १९४४ मध्ये जर्मनांचे व्ही-२ अग्निबाण लंडनवर पडू लागले. ते आवाजापेक्षा वेगाने येत. म्हणजे स्फोट आधी व्हायचा आणि बाण येत असल्याचा आवाज मागाहून ऐकू यायचा. विमान आलं तर भोंगा वाजवता येई, तोफ डागता येई. इथे काहीच करता येत नव्हते. पुढे अशाच बाणाच्या टोकाशी अणुबाँब बसला. तेव्हा आपल्या डोक्यावर एखादी ढाल असावी असे माणसाला वाटले, यात नवल ते काय? १९६७ साली ग्लासबरो येथे सोव्हिएत पंतप्रधान कोसिगिन यांनी हेच सांगितले, की रक्षण करणे नीतीचे, हल्ला करणे अनीतीचे. अमेरिकेचे संरक्षणमंत्री मॅक्नमारा यांचा आक्षेप वेगळा होता. एकाने ढाल उभारली की दुसरा बाण वाढवणार, आणि शेवटी दोघेही पूर्वीपेक्षा अधिक असुरक्षित होणार.

इथवर हा वाद होता. त्याचा जल्प कसा झाला ते पाहू.

१९६९ साली अध्यक्ष निक्सन यांनी 'सेफगार्ड' नावाची योजना पुढे मांडली. अमेरिकेची 'मिनिटमन' क्षेपणास्त्रे जमिनीखालच्या विवरांत ठेवलेली होती. शत्रूच्या पहिल्या हल्ल्यात ती नष्ट होऊ नयेत, म्हणून त्यांना हे संरक्षण. सिनेटपुढे दोन विद्वानांच्या साक्षी झाल्या. मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यासंस्थेतले जॉर्ज रॅथजेन्स म्हणाले, हल्ला झाला तरी चतुर्थांश मिनिटमन शिल्लक राहतील. शिकागो विद्यापीठाचे अल्बर्ट वोलस्टेटर म्हणाले, छे! शेकडा पाचच राहतील. आता दोघेही गणितात पक्के. मग उत्तरांत एवढा फरक का? कारण गणिताला बसण्यापूर्वी दोघांनी वेगवेगळ्या गोष्टी गृहीत धरल्या होत्या. विवर किती दाब सोसेल, एका रशियन क्षेपणास्त्रावर किती बाँब असतील, फुकट गेलेल्या बाणाच्या जागी दुसरा सोडता येईल की नाही, ही ती गृहीते. भांडण खरे त्यांच्यावर व्हायला हवे होते. झाले मात्र कोण लबाड आणि कोण अडाणी यावर. वर्तमानपत्रांतून पत्रोपत्री झाली. प्रकरण शेवटी त्या शास्त्रज्ञांच्या एका व्यावसायिक संस्थेकडे चौकशीला गेले. १९७१ साली तिचा अहवाल निघाला आणि त्याने विरोधकांच्या गणितावर ठपका ठेवला. भांडण मिटले का? मुळीच नाही. आता त्या अहवालावरच नवे भांडण जुंपले.

इकडे सिनेटमध्ये ६ ऑगस्ट १९६९ रोजी एका दुरुस्तीवर पन्नास विरुद्ध पन्नास अशी बरोबरी झाली, आणि उपाध्यक्ष ॲग्न्यू यांना आपले मत टाकावे लागले. योजना तगली. उत्तर डाकोटात तिचे एक ठाणे उभे राहिले आणि १ ऑक्टोबर १९७५ रोजी ते पूर्णपणे सज्ज झाले. दुसऱ्याच दिवशी प्रतिनिधिगृहाने ते बंद करण्याच्या बाजूने मत दिले! एवढ्या वर्षांच्या भांडणातून लोकांना मिळाले ते हे.

न्यायशास्त्रात 'छल' नावाचा एक दोष सांगितला आहे. बोलणारा म्हणतो, देवदत्त 'नवकंबल' आहे. म्हणजे त्याचे कांबळे नवे आहे. ऐकणारा मुद्दाम 'नव' म्हणजे नऊ असा अर्थ घेतो आणि विचारतो, अहो, याच्याजवळ नऊ कांबळी कुठं आहेत? शब्द एक, अर्थ दोन. हे कांबळे १९९१ च्या आखाती युद्धात पुन्हा बाहेर आले.

इराकची स्कड क्षेपणास्त्रे पाडण्याचे काम 'पॅट्रिअट' या अस्त्राकडे होते. १५ फेब्रुवारी १९९१ रोजी अध्यक्ष बुश पॅट्रिअटच्या कारखान्यात गेले आणि त्यांनी सांगितले, की बेचाळीस स्कडांपैकी एकेचाळीस अडवली. टाळ्यांचा कडकडाट झाला. त्यानंतर दहाच दिवसांनी, २५ फेब्रुवारीला, सौदी अरेबियातल्या धहरान येथे एक स्कड सैनिकांच्या बराकीवर पडले आणि अठ्ठावीस अमेरिकन सैनिक मेले. तिथल्या पॅट्रिअटचे गणकयंत्र शंभर तास सतत चालू होते. त्याच्या घड्याळात सेकंदाच्या सुमारे एक तृतीयांशाइतकी चूक साचली होती. यंत्राने आकाशात भलत्याच जागी पाहिले, त्याला काही दिसले नाही, आणि बाण सुटलाच नाही.

पुढे १९९२ साली अमेरिकन काँग्रेसच्या समितीने त्या एकेचाळीस आकड्याबद्दल विचारले. तेव्हा सैन्यातर्फे खुलासा आला, की अध्यक्ष 'अडवली' म्हणाले, 'नष्ट केली' असे म्हणालेच नव्हते. 'अडवली' म्हणजे पॅट्रिअट आणि स्कड यांच्या वाटा आकाशात एकमेकींना छेदून गेल्या, एवढेच! श्रोतेहो, कांबळे नवे की नऊ?

पण दुसरी बाजूही धुतल्या तांदळासारखी नव्हती. त्याच वर्षी सरकारी हिशेबतपासनिसांनी सांगितले, की स्कडचा स्फोटक भाग नष्ट झाल्याचा भक्कम पुरावा शेकडा नऊ प्रसंगांतच मिळतो. विरोधकांतले कित्येक लगेच म्हणू लागले, पाहा, शेकडा नऊच पाडली. पुरावा नसणे आणि घटना न घडणे या दोन गोष्टी भिन्न आहेत, हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असते. टेलिव्हिजनच्या चित्रफिती पाहून टीकाकार म्हणत, एकही नेम लागलेला दिसत नाही. समर्थक म्हणत, एवढ्या वेगाचे दृश्य त्या कॅमेऱ्यांना टिपताच येत नाही. वर्षानुवर्षे तेच लोक तेच मुद्दे घेऊन भांडत राहिले.

मग आपण सामान्य माणसांनी काय करायचे? तज्ज्ञांचेच एकमत नाही, आपल्याला काय कळणार, असे म्हणून गप्प बसायचे? माझ्या मते नाही. क्षेपणास्त्राचे गणित आपल्याला येत नसेल, पण शब्दाचा अर्थ विचारता येतो. 'पाडले' म्हणजे नक्की काय झाले? कोणत्या जातीचे, आणि एका वेळी किती? गावठी रॉकेट पाडणे वेगळे, अणुबाँब घेऊन खंड ओलांडणारे क्षेपणास्त्र पाडणे वेगळे. चाचणी झाली ती वेळ आधी ठरवून की अवचित? हिशेबात गृहीत काय धरले? आपल्या देशानेही २७ नोव्हेंबर २००६ रोजी अशा अस्त्राची पहिली चाचणी केली, तेव्हा हे प्रश्न आता केवळ परक्यांचे राहिलेले नाहीत. ते विचारणारा देशद्रोही ठरत नाही, आणि सरळ उत्तर देणारा युद्धखोरही ठरत नाही.

जल्पात हरतो तो समोरचा पंडित. पण असल्या जल्पाची किंमत पंडित मोजत नाहीत. ती धहरानच्या बराकीत झोपलेल्या माणसांसारखे लोक मोजतात. म्हणून दोन पंडित तावातावाने बोलू लागले, की कोण जिंकला हे विचारू नये. दोघांचे कांबळे एकच आहे ना, एवढे आधी पाहून घ्यावे.