तोटा कोणाच्या खिशातून?

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



कापसाचा भाव पडला की दोन मागण्या हमखास कानावर येतात. एक म्हणते, 'एकाधिकार खरेदी परत आणा, सरकारने सगळा कापूस घ्यावा.' दुसरी म्हणते, 'सरकारला यातून पार बाहेर काढा, खाजगी धंदा कार्यक्षम असतो.' पहिल्या मंडळींना एकाधिकाराचे केंद्र आठवत नाही, दुसऱ्यांना त्याआधीचा अडत्या आठवत नाही. आज आपण दोन्हींचा हिशेब मांडू. क्विंटलमागे आपल्या पदरात किती पडले, एवढाच प्रश्न.

एकाधिकाराचा ताळेबंद

महाराष्ट्राने 1971 मध्ये कायदा केला आणि 1972-73 च्या हंगामापासून एकाधिकार कापूस खरेदी योजना सुरू झाली. कापूस विकायचा तर योजनेलाच. राज्याच्या सीमेबाहेर नेला तर गुन्हा. योजना आणण्याचे कारण खोटे नव्हते. काट्यात मारणे, कटती, अडत, हमाली, 'माल ओला आहे' म्हणून भाव पाडणे, हे सारे आपल्या बापजाद्यांनी सोसले होते. योजनेमुळे राज्यभर एका प्रतीला एक भाव मिळाला आणि हंगामाआधी हमीचा आकडा कळू लागला. हे नाकारण्याचे कारण नाही.

पण खर्चाचे काय? कापूस घेतला की त्याची रुई आणि सरकी वेगळी करायची, गाठी बांधायच्या, गोदामात ठेवायच्या, विमा काढायचा, गिऱ्हाईक शोधायचे. हे व्यापाऱ्यालाही करावे लागते. फरक कुठे पडतो ते साध्या हिशेबाने पाहू. समजा एका क्विंटल कापसात 6,000 रुपये अडकले आणि त्यावर दरसाल 12 टक्के व्याज आहे. म्हणजे महिन्याला 60 रुपये. गाठ दोन महिन्यांत विकली तर व्याज 120, आठ महिने पडून राहिली तर 480. व्यापाऱ्याला हे व्याज रात्री झोपू देत नाही, कारण ते त्याच्या घरातून जाते. सरकारी यंत्रणेत गाठ आठ महिने पडून राहिली तरी ग्रेडरचा पगार एक तारखेला होतो आणि मंत्र्याची गाडीही थांबत नाही. नोकर आळशी आणि व्यापारी कष्टाळू, असा याचा अर्थ नाही. उशिराचा भुर्दंड ज्याच्या अंगावर पडत नाही, त्याला घाई नसते.

मग तो भुर्दंड पडला कोणावर? काही आपल्यावर, चुकारे रखडले तेव्हा. घरात लग्न, दारात सावकार आणि हातात नुसती पावती, हे कोणाला सांगायला नको. उरलेला पडला राज्याच्या तिजोरीवर. तोटा वाढत वाढत हजारो कोटींवर गेला, आणि तो आकडा वर्तमानपत्रांत आला तो 'शेतकऱ्यांवर केलेला खर्च' म्हणून! आठ महिन्यांचे व्याज, गोदामाचे भाडे, नोकरभरती, सारे आपल्या नावावर. आयजीच्या जिवावर बायजी उदार, आणि वर आयजीलाच बोल.

आणखी एक गोष्ट. बाहेर भाव चढला तेव्हा याच योजनेने आपली वाट अडवली. भाव जास्त असायचा त्या हंगामात सीमेवरच्या तालुक्यांतून रात्रीच्या गाड्या गुजरात, मध्य प्रदेश, आंध्रकडे निघत. स्वतःच्या शेतातला कापूस विकणारा चोर ठरला. अखेर 2002 च्या सुमारास खाजगी खरेदी खुली झाली आणि एकाधिकार संपला.

व्यापाऱ्याची काटकसर कोणाची?

म्हणून खाजगी सगळे चांगले? थांबा. व्यापारी कमी खर्चात काम करतो हे खरे. पण वाचलेला पैसा तो आपल्याला का देईल? त्याच्या शेजारी दुसरा गिऱ्हाईक उभा असेल तरच देईल.

2021-22 च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव 6,025 रुपये होता आणि बाजार 10,000 च्या वर गेला. तेव्हा एकाधिकार असता तर ती वाढ आपल्यापर्यंत कधी आणि किती पोचली असती, याचा विचार करा. 2025-26 च्या हंगामात चित्र उलटले. त्या हंगामासाठी लांब धाग्याचा हमीभाव 8,110 रुपये जाहीर झाला. पण केंद्राने ऑगस्ट 2025 मध्ये कापसावरचे 11 टक्के आयात शुल्क उठवले आणि ती सवलत डिसेंबर 2025 अखेरपर्यंत वाढवली. म्हणजे आपला कापूस बाजारात यायच्या वेळेलाच बाहेरच्या गाठींना दार उघडे. अशा हंगामात आधाराला भारतीय कापूस निगमच.

निगम एकटा खरेदीदार नाही, हे त्याचे बरे. पण त्याच्या केंद्राचेही गणित पाहा. पूर्ण भाव 8 टक्के ओलाव्याला. पुढच्या प्रत्येक टक्क्याला भाव एक टक्का कमी, आणि 12 टक्क्यांच्या वर माल परत. 12 टक्क्यांवर 8,110 मधले सुमारे सव्वातीनशे रुपये जातात. पहिल्या वेचणीचा कापूस दिवाळीच्या तोंडावर ओलसरच असतो. ज्याला दोन आठवडे वाळवून थांबता येत नाही, तो तोच कापूस खेडा खरेदीत पडेल भावाने देतो. केंद्र उशिरा उघडले की सरकारी हमीचा लाभ ज्याच्याकडे गोदाम आहे त्यालाच जातो.

बियाण्याचा धडा

खाजगी भाव म्हणजे खरा खर्च, असे समजणाऱ्यांनी बीटीची पिशवी आठवावी. 2002 मध्ये मान्यता मिळाली तेव्हा 450 ग्रॅमची पिशवी सोळाशे रुपयांच्या घरात होती. 2006 मध्ये आंध्र सरकार मक्तेदारी आयोगापुढे गेले आणि त्याच वर्षी भाव 750 वर आला. कंपन्या बंद पडल्या का? उलट, पुढे देशातले बहुतेक कापूस क्षेत्र बीटीखाली गेले. म्हणजे आधीच्या भावातला मोठा भाग खर्चाचा नव्हता, दुसरा विकणारा नसल्याचा होता.

सरकारी बाजूही पाहा. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेच्या सहभागाने 'बिकानेरी नरमा बीटी' हे सरळ वाण तयार झाले. घरचे बियाणे पुन्हा पेरता आले असते. 2008 मध्ये त्याला मान्यता मिळाली, पण त्यात कंपनीच्या जनुकाची भेसळ निघाली आणि विक्री थांबली. बियाणे कंपनीने असा घोळ केला असता तर गिऱ्हाईक तुटले असते. सरकारी संस्थेला गिऱ्हाईक तुटण्याचे भय नाही.

पण म्हणून सरकारी संशोधन मोडीत काढायचे का? आपली रब्बी ज्वारी पाहा. मालदांडी 35-1 हे वाण मोहोळच्या सरकारी केंद्रावर निवडलेले, 1930 च्या दशकातले, आणि आजही पेरले जाते. परभणी मोती, फुले वसुधा ही वाणे कृषी विद्यापीठांची. ज्वारीचे बियाणे शेतकरी कणसातून घरीच धरतो. दरवर्षी पिशवी विकली जाणार नाही, तिथे कंपनी कशाला पैसा घालील? हा तिचा दोष नाही, तिचे गणित आहे. जे काम सगळ्यांच्या फायद्याचे पण कोणाच्या नफ्याचे नाही, ते सार्वजनिक पैशानेच व्हायला हवे.

तीन प्रश्न

तेव्हा पाटी सरकारी आहे की खाजगी, याच्यावर जाऊ नका. प्रत्येक योजनेला, प्रत्येक कंपनीला तीन प्रश्न विचारा.

एक : मला दुसरीकडे जाता येते का? वाट बंद असेल तर मालक मंत्री असो की शेठ, भाव पडणारच.

दोन : उशीर झाला, चूक झाली, तर तोटा कोणाच्या खिशातून जातो? चूक करणाऱ्याच्या जात नसेल तर चूक पुन्हा होणार.

तीन : हिशेब उघडा आहे का? क्विंटलमागे जिनिंग किती, व्याज किती, पगार किती, भाडे किती?

या कसोटीवर आपली मागणी ठरते. एकाधिकार नको. सरकारने हमीभावाने घेणारा खरेदीदार म्हणून बाजारात उभे राहावे, पण पहिल्या वेचणीला केंद्र उघडून, आणि चुकारा लांबला तर दिवसाच्या हिशेबाने व्याज देऊन. व्यापाऱ्याला मोकळीक असावी, पण आमच्या मालालाही सीमा, साठा आणि निर्यातीच्या बेड्या नकोत. संशोधनाला पैसा द्यावा आणि त्याचे फळ बांधावर दाखवावे.

आणि एक काम आपले. या हंगामात प्रत्येक गावाने एक वही घालावी. कापूस कोणाला दिला, वजन किती, ओलावा किती दाखवला, भाव किती, कटती किती, पैसे कोणत्या तारखेला मिळाले. सरकारी केंद्र असो वा व्यापारी, दोघांना एकच वही. पुढल्या जिल्हा बैठकीला त्या वह्या घेऊन या. कार्यक्षमता कोणाची किती, ते मुंबई-दिल्लीच्या पंडितांना आपण आपल्या आकड्यांनी सांगू.