गळ आणि वही



विहिरीत पोहरा पडला की आपण गळ टाकतो. इटलीतल्या नेमी सरोवराच्या तळाशी रोमन सम्राट कॅलिगुलाची दोन जहाजे होती. पंधराव्या शतकात आल्बेर्तीने ती आकड्यांनी ओढली, तेव्हा फक्त तुकडे हाती आले. अखेर १९२८ पासून पंपांनी सरोवराचे पाणीच उतरवले. जहाजे, नांगर, कांस्याचे साहित्य मिळाले. १९४४च्या आगीत जहाजे जळाली. पण मोजमापे, आराखडे काढून ठेवले होते, म्हणून त्यांची बांधणी आजही कळते.

इंजिनिअर म्हणून मला यातली नोंद सगळ्यात मोलाची वाटते. आज शाळेच्या कितीतरी आठवणी वर आल्या आहेत. दाराशी वही ठेवली आहे; निघण्याआधी प्रत्येकाने एक तरी लिहून जावी.