खेळांतली मशीनगन आणि गोळ्यांची मर्यादा



आपणांपैकीं पुष्कळांनीं लहानपणीं हुतुतू खेळला असेल, निदान पाहिला तरी असेल. चढाईस जाणारा गडी एका दमांत पलीकडच्या अंगणांत शिरतो आणि दम तुटण्यापूर्वीं त्याला मधली रेषा गांठावी लागते. दम सोडावयाचा नाहीं हा नियम माणसानें केला. परंतु तो दम किती वेळ पुरावा हें निसर्गानें ठरवून ठेवलें आहे. कितीहि मोठ्या छातीचा गडी झाला तरी त्याला केव्हां तरी परत फिरावेंच लागतें. ह्या एका गोष्टीमुळें त्या खेळांत रंग आहे.

आज ज्या खेळाविषयीं बोलावयाचें आहे, त्यांत असा निसर्गाचा लगाम नाहीं. त्या खेळाचें नांव एअरसॉफ्ट. दोन पक्षांचे गडी खऱ्या बंदुकींसारख्या दिसणाऱ्या हवेच्या बंदुकी घेऊन रानांत किंवा पडक्या इमारतींत एकमेकांना गांठतात. बंदुकींतून सुटते ती प्लॅस्टिकची गोळी; व्यास ६ मिलिमीटर, म्हणजे लहानशा वाटाण्याएवढी, आणि वजन बहुधा ०.२० ग्रॅम. जिला ती लागली ती व्यक्ति बाद.

हा खेळ जपानांत जन्मास आला. १९५८ च्या कायद्यानें त्या देशांत सामान्य माणसाच्या हातीं खरी बंदूक येणें जवळजवळ अशक्य झालें. बंदुकीची हौस मात्र राहिली, आणि तिनें नकली बंदुकींचा मार्ग धरला. १९९१ सालीं तोक्यो मारुई ह्या कंपनीनें फ्रेंच सैन्याच्या फामास रायफलीची विजेवर चालणारी प्रतिकृति बाजारांत आणली. तींत बॅटरीवर चालणारी मोटार दंतचक्रें फिरविते, दंतचक्रें दट्ट्या मागें ओढतात, स्प्रिंग तो पुढें फेकते, आणि दबलेल्या हवेच्या झोतानें गोळी सुटते. चाप धरून ठेवला कीं गोळ्यांची सर लागते. येथूनच हलक्या मशीनगनीच्या प्रतिकृतींची वाट मोकळी झाली.

कायद्यानें ह्या बंदुकींकडे दुर्लक्ष केलें नाहीं. जपाननें २००६ सालीं गोळीच्या जोराला मर्यादा घातली. ६ मिलिमीटरच्या गोळीस ती सुमारें ०.९८ ज्यूल पडते. ह्याचा अर्थ असा कीं, ०.२० ग्रॅमची गोळी सेकंदाला सुमारें ९९ मीटरांहून अधिक वेगानें सुटतां कामा नये. इंग्लंडमध्यें २०१७ च्या कायद्यानें एकेक गोळी सोडणाऱ्या बंदुकीस २.५ ज्यूल, तर सलग गोळ्या सोडणाऱ्या बंदुकीस १.३ ज्यूल अशी सीमा ठरविली. दोन्ही कायद्यांनीं गोळीचा जोर बांधून दिला. गोळ्या किती असाव्यात, हा प्रश्न मात्र खेळणारांवर सोपविला. आणि आजच्या भाषणाचा प्रश्न तोच आहे.

प्रथम खरी मशीनगन पाहूं. दुसऱ्या महायुद्धांत हिंदी सैनिकांच्या हातीं असलेली ब्रेन गन आपल्यापैकीं वडीलधाऱ्यांनीं निदान चित्रांत पाहिली असेल. तिच्या डोक्यावर बसणाऱ्या वक्र पेटींत, म्हणजे मॅगझिनमध्यें, ३० काडतुसें मावत. जाणते सैनिक मात्र बहुधा २८ च भरीत, कारण ठासून भरलेल्या पेटींत काडतूस अडकण्याचा धोका असे. मिनिटास सुमारें ५०० ह्या गतीनें ती पेटी चार सेकंदांच्या आंत रिकामी होई. नळी फार तापूं नये म्हणून ती चटकन बदलण्याची सोय होती. पुढें बेल्जममध्यें निघालेल्या मिनिमी मशीनगनीस २०० काडतुसांचा पट्टा लागतो. त्याचें वजन सुमारें तीन किलोग्राम. अर्थात् खऱ्या मशीनगनीला तीन लगाम आहेत: काडतुसांचें ओझें, नळीची उष्णता, आणि मागून येणाऱ्या पुरवठ्याची ओढ. हुतुतूंतल्या दमासारखेच हे लगाम कोणी घालावे लागत नाहींत. ते आपोआप असतात.

खेळांतल्या मशीनगनीला ह्यांपैकीं एकहि लगाम नाहीं. त्याच मिनिमीच्या प्रतिकृतीस जी पेटी लावतात तींत अडीच हजारांच्या आसपास गोळ्या मावतात. कांहीं पेट्यांत तर पांच हजार. गोळ्या वर ढकलण्यासाठीं पेटींतच एक छोटी मोटार असते. अडीच हजार गोळ्यांचें वजन अवघें अर्धा किलोग्राम. नळी तापत नाहीं, खांद्याला धक्का बसत नाहीं, आणि गोळ्यांची किंमतहि फार नाहीं. सेकंदाला १५ गोळ्या धरल्या, तर खऱ्या पट्ट्याएवढ्या २०० गोळ्या तेरा सेकंदांत संपतील. अडीच हजार संपावयास पावणेतीन मिनिटें अखंड चाप धरावा लागेल.

ह्यांत बिघडलें काय, असें कोणी विचारील. बिघडतें तें असें. रंगाच्या गोळ्यांच्या खेळांत कपड्यावर डाग पडतो. एअरसॉफ्टमध्यें कांहींच खूण उरत नाहीं. गोळी लागली हें ज्याला लागली त्यालाच ठाऊक. त्यानें स्वतः हात वर करून 'मी बाद' म्हणावयाचें असतें. हा सर्व खेळ अशा रीतीनें गड्याच्या सचोटीवर उभा आहे. आतां समोरून झुडपाच्या रोखानें नुसता पाऊस पडत असेल, पानें सळसळत असतील, तर आपणांस गोळी लागली कीं फांदीवरून उडालेली घसटून गेली, हें प्रामाणिक माणसालाहि कळेनासें होतें. आणि अप्रामाणिकाला ती सबब होते. मारणाराला वाटतें समोरचा खोटें बोलतो. समोरच्याला वाटतें हा उगाच छळतो. मग मारणारा चाप सोडीत नाहीं, आणि हात वर केलेल्या गड्याच्या अंगावर आणखी दहा-वीस गोळ्या बसतात. जाड कपड्यावरून त्या चिमट्याएवढ्या लागतात. पण ओठावर बसली तर दांत तुटतो, आणि उघड्या डोळ्यावर बसली तर दृष्टि जाऊं शकते. म्हणून डोळे पुरते झांकणारा चष्मा हा ह्या खेळाचा पहिला आणि अभंग नियम आहे.

उलट टोंकहि तितकेंच चुकीचें. कित्येक ठिकाणीं रायफलवाल्यांस खऱ्या बंदुकीइतक्याच, म्हणजे पेटीमागें ३० गोळ्या देतात. इतर ठिकाणीं शंभर-सव्वाशेंची पेटी चालते. हाच हिशेब मशीनगनीस लावला तर तिचें प्रयोजनच उरत नाहीं. मशीनगनवाल्याचें काम नेमका एक गडी टिपण्याचें नव्हे. आपला पक्ष पुढें सरकेपर्यंत शत्रूला डोकें वर काढूं द्यावयाचें नाहीं, हें त्याचें काम. शिवाय खऱ्या काडतुसाची गोळी शेंकडों मीटर नीट जाते. ही प्लॅस्टिकची गोळी चाळीस-पन्नास मीटरांपुढें वाऱ्याच्या स्वाधीन होते. तेव्हां तिला खऱ्याहून अधिक गोळ्या देणें न्याय्यच आहे. जो पांच-सात किलोग्रामची बंदूक खांद्यावर वागवितो त्याला त्या श्रमाचें कांहीं फळ मिळालें पाहिजे.

मग मर्यादा कोठें असावी? माझ्या मतें ती पेटीच्या आकारावर न ठेवतां एका डावास मिळणाऱ्या एकूण गोळ्यांवर ठेवावी. समजा, डाव अर्ध्या तासाचा आहे. मशीनगनवाल्यानें दर मिनिटास एकदां दोन सेकंद मारा केला, तर एका वेळीं ३० गोळ्या, आणि डावाला ९०० गोळ्या लागतात. तेव्हां एक हजार ही संख्या पुरेशी आहे. अडीच हजारांच्या पेटींत एक हजारच भराव्यात. मैदानांत पुन्हा भरूं नयेत. आणि असली पेटी खऱ्या मशीनगनीच्या प्रतिकृतीलाच लावूं द्यावी, रायफलीला नव्हे. संख्या तपासण्यास गोळ्या मोजीत बसण्याचें कारण नाहीं. ०.२० ग्रॅमच्या एक हजार गोळ्यांचें वजन २०० ग्रॅम भरतें, ०.२५ ग्रॅमच्या गोळ्यांचें २५०. स्वयंपाकघरांतला साधा काटा प्रवेशद्वाराशीं ठेवला म्हणजे काम भागतें.

असा एक हजारांचा धनी रानांत कसा वागतो? तो झुडपाच्या रोखानें उगाच उधळीत नाहीं. आवाज ऐकतो, जागा हेरतो, साथीदाराला विचारतो, दोन सेकंद मारतो आणि थांबतो. तो थांबला कीं समोरच्यालाहि विचार करण्यास आणि हात वर करण्यास अवसर मिळतो. पंधराव्या मिनिटाला आपल्याजवळ किती उरल्या, ह्याची चिंता त्याला लागते. शत्रूहि त्याचें संपण्याची वाट पाहूं लागतो. खेळाची गोडी ह्या चिंतेंत आणि ह्या वाट पाहण्यांत आहे.

यंत्रानें जेथें निसर्गाचा लगाम काढून टाकला, तेथें माणसांनीं आपसांत बसून नवा लगाम ठरवावा लागतो, आणि तो कोणी पाहत नसतांनाहि पाळावा लागतो. ज्यांचीं मुलें अशा मैदानावर जातात त्या आईबापांनीं बंदुकीची किंमत विचारण्याआधीं दोन गोष्टी विचाराव्यात: डोळ्यांचा चष्मा आहे ना, आणि गोळ्या किती न्यावयाच्या हें तेथें ठरलेलें आहे ना. ह्या दोन्हींचें उत्तर समाधानकारक मिळालें, तर मुलाला खुशाल खेळूं द्यावें.