आठवड्याचे वाचन : एक मत आपले, एक विरोधकाचे



साप्ताहिकाचा वाचक म्हणजे सात दिवसांतून एकदा तरी निवांतपणे विचार करणारा माणूस. महाराष्ट्रात ही सवय रुजवणाऱ्या पत्रांत ‘केसरी’ आणि ‘सुधारक’ यांचे स्थान मोठे आहे.

‘केसरी’ १८८१ साली निघाला; गोपाळ गणेश आगरकर त्याचे पहिले संपादक. कोल्हापूर प्रकरणात १८८२ साली टिळक आणि आगरकर यांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र काढले. पुढे मतभेद विकोपास गेले. आगरकर ‘केसरी’तून बाहेर पडले आणि १८८८ साली त्यांनी ‘सुधारक’ काढला.

या मतभेदाची खरी कसोटी १८९१ साली लागली. संमतिवयाच्या कायद्याने मुलींचे संमतिवय दहावरून बारा वर्षांवर नेले. परकीय सरकारने कायद्याच्या बळावर समाजव्यवहारात हात घालू नये, ही टिळकांची भूमिका. कोवळ्या मुलींचे हाल थांबत नसतील तर कायद्याचे साहाय्य घेतलेच पाहिजे, ही आगरकरांची. त्या मुलींच्या दुःखापुरते बोलायचे तर काळाने कौल आगरकरांच्या बाजूने दिला. तथापि, परसत्तेच्या हेतूविषयी टिळकांनी दिलेला इशाराही पोकळ नव्हता. केवळ एक पत्र वाचणाऱ्याच्या हाती अर्धाच प्रश्न आला. दोन्ही वाचणाऱ्याला तो सबंध दिसला.

१८९५ साली, चाळिशीही न गाठता आगरकर गेले. ‘केसरी’तील त्यांच्यावरचा मृत्युलेख टिळकांनी लिहिला. मतभेद राहिले, पण सहकाऱ्याचे मोठेपण नाकारले गेले नाही.

आज भ्रमणध्वनीच्या पडद्यावर दिवसभर मजकूर येत असतो. परंतु तो बहुधा आपल्याच मताचा प्रतिध्वनी असतो. त्याने आवेश वाढतो, समज वाढत नाही. ज्याने विरोधकाचे म्हणणे मुळातून वाचलेले नाही, त्याचे खंडनही दुबळेच राहते. कार्यकर्त्याला तर ही उणीव परवडणारी नाही.

म्हणून प्रत्येक घराने एक साधा नेम करावा. आठवड्यात राजकारणावरचा आपल्या मताचा एक लेख वाचावा, सामाजिक प्रश्नावरचा विरुद्ध मताचा एक वाचावा आणि एखाद्या चांगल्या ग्रंथाचे एक प्रकरण. रविवारी जेवणानंतर त्यावर घरातल्या सर्वांनी बोलावे. मुलांनी वडिलांचे मत खोडले तर रागावू नये. त्या घरातले वाचन सार्थकी लागले, असे समजावे.