रविवारची सायकल आणि आपली शीव
(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



मंडळाने मला सायकलवर बोलायला सांगितले. मी राज्य शासनाचा कर्मचारी, शिक्षण स्थापत्य पदविकेपर्यंत. व्याख्यानाची सवय नाही, मोजमापाची आहे. म्हणून जे पाहिले आणि जे ठाऊक आहे, तेवढेच सांगतो.

दापोऱ्याला सायकल नवी नाही. आपल्या वडीलधाऱ्यांनी याच सायकलवर केळीच्या बागेत फेऱ्या मारल्या, दुधाचे कॅन नेले, आजारी माणूस डबलसीट बसवून बऱ्हाणपूरला पोहोचवला. आमच्या पिढीने दांडीखालून पाय घालून सायकल शिकली आणि गुडघे फोडून घेतले. पुढे मोटारसायकल आली आणि सायकल गोठ्याच्या भिंतीला टेकली. आता ती परत आली आहे, पण वेगळ्या कामासाठी. रविवारी पहाटे साडेपाचला दहा-बारा जण चौकात जमतात, कुठेतरी जातात आणि नऊ-साडेनऊला घरी येतात. गावात विचारणा होते, "काही काम नाही, माल नाही, मग जाता कशाला?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर द्यायलाच मी उभा आहे.

नुसते मिळून फिरायला जाण्याची ही हौस जुनी आहे. इंग्लंडात १८७८ साली सायकलवरून प्रवास करणाऱ्यांचा क्लब निघाला. त्या लोकांनी नुसत्या सहली केल्या नाहीत. जिथे उतार अवघड, तिथे धोक्याच्या पाट्या लावल्या आणि चांगल्या रस्त्यांसाठी सरकारकडे तगादा लावला. आपल्याकडे १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलवर जगप्रदक्षिणेला निघाले. त्यांतील अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे सुमारे ७१,००० किलोमीटर कापून मार्च १९२८ मध्ये मुंबईला परतले. तेव्हाच्या सायकलींना गिअर कुठले असणार!

अगदी अलीकडचे सांगायचे तर नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे दोघे भाऊ. दवाखाना सांभाळून सराव करत त्यांनी २०१५ साली अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची, सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत दोघांचा संघ म्हणून पूर्ण केली. पण मला नाशिककरांची दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते. तिथले सायकलस्वार आषाढीच्या आधी सायकलवर पंढरपूरची वारी करतात. त्यात डॉक्टर असतात, शिक्षक असतात, पोलीस असतात, बायका असतात. शर्यत नसते, पहिला-दुसरा नंबर नसतो. वारीत जसे दिंडीला सोडून कोणी पुढे पळत नाही, तसेच इथेही.

आता आपल्याकडे येऊ. रविवारी फिरायला आपल्याइतका श्रीमंत मुलूख शोधून सापडणार नाही. तापी ओलांडली की जैनाबादचा आहुखाना. १६३१ साली मुमताज महल बऱ्हाणपुरात वारली, तेव्हा तिला आधी इथेच दफन केले होते. पुढे बोहरड्याजवळ तापी आणि मोहना यांच्या संगमावर मिर्झा राजे जयसिंगांची छत्री आहे. पुरंदरच्या तहातले हेच जयसिंग. १६६७ साली त्यांनी बऱ्हाणपुरातच देह ठेवला. शिवचरित्र आपण घरोघर वाचतो, पण त्यातले एक पान आपल्या नदीकाठी उभे आहे, हे मुलांना किती ठाऊक आहे?

माझ्या पेशामुळे मला सगळ्यात ओढ कुंडी भंडाऱ्याची. सातपुड्यातून झिरपणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्यात धरायचे, बोगद्याला अगदी हलका उतार द्यायचा आणि वर ठरावीक अंतरावर कुंड्या काढायच्या, म्हणजे हवा खेळते आणि साफसफाईही होते. पंप नाही, वीज नाही, पाणी उताराने शहरात येते. अब्दुल रहीम खानखानाच्या काळात, १६१५ च्या सुमाराचे हे काम. २०२४ मध्ये ते युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेले. आमच्यातला अकरावीतला एक मुलगा तिथे तासभर हललाच नाही. घरी आल्यावर त्याने वहीत उताराचे चित्र काढले. अशा मुलाला अभियांत्रिकी वेगळी शिकवावी लागत नाही.

पाय थोडे तयार झाले की असीरगड. बऱ्हाणपूरहून सुमारे २० किलोमीटर, शेवटी चढ. हा गड म्हणजे दक्षिणेचे दार. अकबराने तो १६०१ मध्ये घेतला. पेशव्यांच्या काळात, उदगीरच्या लढाईनंतर १७६० मध्ये तो मराठ्यांकडे आला. पेशवाई बुडाल्यावरही तो झुंजत होता. शिंद्यांच्या किल्लेदाराकडून इंग्रजांनी तो घेतला तो १८१९ च्या एप्रिलात. चढावर धाप लागली की मी सोबतच्या मुलांना एवढेच सांगतो, "अरे, तोफा याच चढाने नेल्या होत्या, तुझ्या पाठीवर तर फक्त पाण्याची बाटली आहे."

दोन दिवसांची सहल काढायची तर दक्षिणेकडे इच्छापूरच्या इच्छादेवीचे दर्शन घेऊन शीव ओलांडायची आणि मुक्ताईनगर गाठायचे. कोथळीला मुक्ताई, चांगदेवला तापी-पूर्णेचा संगम. मुक्काम कुठल्याशा नातेवाइकाकडेच होतो, कारण आपल्यापैकी कोणाची आत्या, मावशी किंवा व्याही त्या बाजूला नाही? १९५६ पर्यंत आपली राजधानी नागपूर होती, त्यानंतर भोपाळ झाली. शाळेची पाटी हिंदीत आली, घरातली भाषा मराठी राहिली. सोयरिकी मात्र कोणत्याही नकाशाला विचारत नाहीत. मोटारीने गेले की शिवेवरचा फलक झर्रकन मागे जातो. सायकलवर तिथे आपण थांबतो, पाणी पितो, शेजारच्या मळ्यातल्या माणसाशी बोलतो आणि लक्षात येते की इकडची केळी, तिकडची केळी आणि बोलण्यातला हेल एकच आहे.

तब्येतीचेही बोलतो. मोठ्या माणसाने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. रविवारची अडीच तासांची फेरी म्हणजे १५० मिनिटे इथेच झाली. अर्थात सगळा व्यायाम एकाच दिवशी उरकण्यापेक्षा मधल्या दिवसांतही थोडा करावा. खाण्यासाठी बाजारातल्या पुड्या नकोत. मध्यम आकाराच्या एका केळ्यात साधारण १०० कॅलरी असतात, ते खिशात मावते, आणि आपल्याकडे त्याला तोटा नाही. उन्हाळ्यात मात्र आठच्या आत घर, सोबत मीठ-साखर-लिंबाचे पाणी. निमाडचे ऊन कोणाची भीड ठेवत नाही.

आता अवघड विषय. गेल्या हिवाळ्यात हमरस्त्यावर आमच्या एका सोबत्याला मागून दुचाकीची धडक बसली. मनगट मोडले, डोके हेल्मेटमुळे वाचले. दुसऱ्या दिवशी तीन घरांतून निरोप आले, "आता पुरे झाले." त्या घरांचे चुकले असे मी म्हणणार नाही. इंदूर-इच्छापूर रस्त्यावर मालट्रक किती धावतात, हे आपण रोज पाहतो. पण त्याच रस्त्याच्या कडेने आपली मुले शाळेत जातात. दुसऱ्या गावच्या शाळेत जाणाऱ्या सहावी आणि नववीच्या मुला-मुलींना शासन सायकल देते. रविवारी आपण घरी बसलो म्हणून सोमवारी त्या मुलांचा रस्ता सुरक्षित होत नाही. म्हणून आम्ही बंद करण्याऐवजी नियम केले.

हेल्मेट नाही तर फेरी नाही. मागे लाल दिवा आणि अंगात उजळ रंगाचा सदरा. हमरस्त्यावर एकामागे एक. गप्पा मारायच्या तर आतल्या गाडीवाटेला लागल्यावर. शक्य तिथे हमरस्ता टाळून गावागावांतून जाणारा रस्ता धरायचा. वेग सर्वांत सावकाश चालवणाऱ्याचा. शेवटी एक जाणता माणूस, त्याच्याकडे पंप आणि पंक्चरचे सामान. त्याच्या मागे कोणीही राहायचे नाही. कानात गाणी नाहीत. हे नियम केल्यानंतर त्या तीन घरांपैकी दोन घरांची माणसे परत आली. तिसऱ्या घराला आम्ही आग्रह केला नाही. विश्वास मागून मिळत नाही, तो दर रविवारी सगळे धड घरी पोहोचल्याने मिळतो.

आणखी एक गोष्ट, ती माता-भगिनींसमोर बोलायची आहे. शाळेची सायकल चालवणारी मुलगी वाऱ्यासारखी जाते. बारावी झाली, लग्न झाले की ती सायकल धाकट्या भावाकडे जाते. चाळिशीत डॉक्टर सांगतात, "वहिनी, साखर वाढली आहे, चालत जा, व्यायाम करा." आमच्या गटात आज दोनच भगिनी आहेत. दोघीही सुरुवातीला उजाडण्याआधी गावाबाहेर पडत, कोणी पाहू नये म्हणून. आता उजेडात जातात. पण अजून ओट्यावरून, "या वयात हे काय?" असे ऐकू येतेच. वयाचाच हिशेब करायचा, तर व्यायामाची खरी गरज याच वयात आहे. रविवारी सकाळचा चहा आणि न्याहारी घरातल्या पुरुषांनी करावी, एवढी सोय झाली तर दोनाच्या दहा व्हायला वेळ लागणार नाही. सायकल महागच हवी असेही नाही. घरातली जुनी सायकल उतरवा, साखळीला तेल, चाकांत हवा, ब्रेकचे रबर नवे. एवढ्यावर कुंडी भंडारा सहज होतो.

मंडळाला माझी विनंती एवढीच. गणपती दहा दिवस आपल्याला एकत्र आणतो. अकराव्या दिवशी मांडव उतरतो आणि आपण आपापल्या दाराआड जातो. अनंत चतुर्दशीनंतरच्या पहिल्या रविवारी मंडळाच्या नावाने एक फेरी काढू. दापोरा ते जैनाबाद आणि परत. ज्येष्ठांना सायकल जमत नसेल तर त्यांनी आहुखान्याला गाडीने यावे आणि मुलांना तिथला इतिहास सांगावा. आठवीच्या खालच्या मुलांसोबत आई किंवा वडील हवेतच. पंक्चर काढण्याची जबाबदारी माझी, केळी मंडळाची. नावे आज आरतीनंतर कार्यालयात द्यावीत, म्हणजे हेल्मेट किती कमी पडतात ते कळेल आणि त्यांची सोय आधी करता येईल.

 गणपती बाप्पा मोरया!