दोन देशांची तुलना आणि डोंगरातील शाळा

(धडगाव, जिल्हा नंदुरबार येथे प्राथमिक शिक्षकांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



भूगोलाच्या तासाला देशादेशांची तुलना करण्याचा प्रसंग वारंवार येतो. अमुक देश श्रीमंत, तमुक देश गरीब. एक पुढारलेला, दुसरा मागासलेला, अशी वाक्ये फळ्यावर लिहिली जातात, मुले ती पाठ करतात आणि तास संपतो. अशा तुलनेने विद्यार्थ्याच्या ज्ञानात फारशी भर पडत नाही. उलट, ज्या देशात व ज्या डोंगरात त्याचा जन्म झाला तो कायमचाच मागे राहावयाचा, अशी खूणगाठ मात्र त्याच्या मनात नकळत बसते. तुलना कशासाठी करावयाची व कशी करावयाची, याचा विचार म्हणूनच शिक्षकाने आधी केला पाहिजे. त्यासाठी नॉर्वे व भारत हे दोन अत्यंत भिन्न देश उदाहरणादाखल घेणे सोयीचे होईल.

उभय देशांची आजची स्थिती

नॉर्वे हा युरोपच्या उत्तर टोकाचा देश. त्याच्या मुख्य भूमीचे क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या क्षेत्रफळाहून थोडेसेच अधिक आहे. महाराष्ट्राचे क्षेत्रफळ ३,०७,७१३ चौरस किलोमीटर असून २०११ च्या जनगणनेत येथील लोकसंख्या ११ कोटी २३ लाखांहून अधिक भरली. नॉर्वेची लोकसंख्या मात्र अवघी ५५ लाखांच्या आसपास आहे. तेथील भूमी बहुतेक डोंगराळ व खडकाळ असून नांगराखाली येणारी जमीन शंभरात तीन भागांच्या आसपासच आहे.

संयुक्त राष्ट्रसंघाच्या विकास कार्यक्रमातर्फे १९९० सालापासून मानव विकास अहवाल प्रसिद्ध होतो. पाकिस्तानी अर्थशास्त्रज्ञ महबूब उल हक यांच्या पुढाकाराने तो सुरू झाला आणि त्यातील निर्देशांकाच्या रचनेत अमर्त्य सेन यांचा मोठा वाटा होता. केवळ उत्पन्न न पाहता आयुर्मान, शिक्षण व उत्पन्न या तिन्हींचा मेळ घालून देशाची स्थिती मोजावी, हे त्यामागील तत्त्व. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात नॉर्वे अगदी अग्रभागी असून त्याचा निर्देशांक ०.९७० आहे. भारताचा क्रमांक १३० वा असून निर्देशांक ०.६८५ आहे. भारतीयाचे सरासरी आयुर्मान ७२ वर्षे, तर नॉर्वेतील माणसाचे ८३ वर्षांहून अधिक. प्रौढ माणसाने शाळेत काढलेली वर्षे भारतात सरासरी सुमारे ७, तर नॉर्वेत सुमारे १३.

हे आकडे खरे आहेत व ते विद्यार्थ्यांपासून लपवू नयेत. तथापि त्यांच्यासोबत आणखीही काही सांगणे न्यायाचे ठरते. १९५१ साली भारतात साक्षरतेचे प्रमाण शेकडा १८ होते. २०११ साली ते शेकडा ७३ झाले. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतीयाचे सरासरी आयुर्मान सुमारे ३२ वर्षे होते. अफाट लोकसंख्येच्या व नाना भाषांच्या देशाने लोकशाही मार्गाने ही वाट चालावी, ही लहानसहान गोष्ट नव्हे.

सरासरी आणि शेवटचा पाडा

सरासरी म्हणजे काय, हे मुलांना भाकरीच्या उदाहरणाने चटकन समजते. पाच मुले जेवावयास बसली. एकाच्या ताटात सहा भाकरी, उरलेल्या चौघांच्या ताटात प्रत्येकी एक. एकूण भाकरी दहा, म्हणजे सरासरीने प्रत्येकास दोन. हिशेब बिनचूक असला तरी चार मुले अर्धपोटी उठतात.

देशाच्या सरासरीचेही असेच आहे. महाराष्ट्र शासनाच्या २०१२ च्या मानव विकास अहवालात मुंबईचा निर्देशांक ०.८४१, तर नंदुरबार जिल्ह्याचा ०.६०४ दिला आहे. राज्यातील सर्व जिल्ह्यांत नंदुरबार शेवटचा होता. २०११ च्या जनगणनेत राज्यात साक्षरता शेकडा ८२ असता या जिल्ह्यात ती शेकडा ६४ होती. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यातच नदीकाठची सपाट, बागायती जमीन आहे आणि सातपुड्याच्या रांगांत विखुरलेला अक्राणी महालही आहे. म्हणजे देशाच्या सरासरीत राज्य दडते, राज्याच्या सरासरीत जिल्हा दडतो आणि जिल्ह्याच्या सरासरीत डोंगरावरचा पाडा दडतो. दोन देशांची खरी तुलना करावयाची तर दोहोंकडील शेवटच्या पाड्यावरील मुलाच्या वाट्याला काय आले, हे पाहावे लागते.

आधी शाळा, मग संपत्ती

नॉर्वेकडे खनिज तेल आहे म्हणून तो देश सुधारला, असा समज सर्वत्र आढळतो. हा समज इतिहासाला धरून नाही. उत्तर समुद्रातील एकोफिस्क येथील मोठा तेलसाठा सापडला तो १९६९ च्या अखेरीस. त्यापूर्वी शंभर-दीडशे वर्षे नॉर्वे हा युरोपातील गरीब देशांत मोडत असे. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी, युद्धामुळे धान्याची आयात बंद पडली तेव्हा, तेथील लोकांनी झाडाची अंतर्साल वाळवून, दळून पिठात मिसळली व तिच्या भाकरी खाल्ल्या. १८२५ सालापासून पुढील शंभर वर्षांत सुमारे ८ लाख माणसे पोटासाठी घरदार सोडून अमेरिकेस गेली. ऊसतोडीसाठी गुजरातेत किंवा घाटाखाली जाणारी कुटुंबे ज्या शिक्षकाने दरवर्षी पाहिली आहेत, त्याला या स्थलांतराचा अर्थ निराळा सांगावा लागणार नाही.

परंतु त्या दारिद्र्यातही एक गोष्ट घडली होती. १७३९ साली डेन्मार्क-नॉर्वेच्या राजाने खेड्यापाड्यांतील मुलांसाठी शाळेचा हुकूम काढला. हेतू धार्मिक होता. प्रत्येक मुलाला धर्मपाठ वाचता यावा एवढीच अपेक्षा होती. गरीब शेतकऱ्यांनी खर्चाची तक्रार केली, तेव्हा १७४१ साली तो हुकूम सैल करून व्यवस्था गावांच्या ऐपतीवर सोपविण्यात आली. एकेक घर एकेका डोंगरावर, मुले उन्हाळ्यात गुरांमागे व गवतकापणीत गुंतलेली, इमारतीस पैसा नाही, अशा स्थितीत तेथे फिरती शाळा रूढ झाली. शिक्षक पाठीवर पुस्तके घेऊन एका शेतघरी काही दिवस मुक्काम करी, आसपासची मुले जमवून शिकवी आणि पुढच्या घरी जाई. मुलाच्या वाट्याला वर्षातून काही आठवडेच शाळा येई. शिक्षकाचे वेतन तुटपुंजे व ज्ञानही बेताचेच असे. लेखन व गणित सर्वांना मिळत नसे.

ही शाळा आदर्श मुळीच नव्हती. परंतु तिने वाचनाची सवय दूरच्या दऱ्यांत पोहोचविली व शाळा ही प्रत्येक घराची बाब आहे हे लोकांच्या अंगवळणी पाडले. १८६० च्या कायद्याने पुरेशी मुले रोज जमू शकतील तेथे कायमची शाळा करण्याचे ठरले, तर विरळ वस्तीत फिरती शाळा चालू राहिली. १८८९ साली सात वर्षांची सार्वत्रिक लोकशाळा आली. तेल सापडले तेव्हा त्या संपत्तीचा हिशेब ठेवू शकणारा व तीत सर्वांचा वाटा मागू शकणारा साक्षर समाज तेथे पूर्वीच तयार झालेला होता.

महाराष्ट्रातही असा विचार करणारी माणसे वेळीच झाली. १८८२ साली जोतीराव फुले यांनी हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन करून, शेतकऱ्यांच्या करातून जमणारा पैसा प्राथमिक शिक्षणावर खर्च व्हावा अशी मागणी केली. नंदुरबारला लागून असलेल्या बडोदे संस्थानात सयाजीराव गायकवाड यांनी १९०६ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ साली मध्यवर्ती कायदेमंडळात असेच विधेयक मांडले; पुढील वर्षी ते फेटाळले गेले. परक्या सत्तेने दवडलेला तो काळ भरून काढण्याचे काम स्वतंत्र भारताच्या शाळांच्या शिरावर आले. शिक्षणाचा मूलभूत हक्क १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला. म्हणजे नॉर्वेने आडवाटेने व सावकाश केलेले काम येथे थोड्या अवधीत, कितीतरी अधिक मुलांसाठी करावयाचे आहे.

नॉर्वेने केलेली चूक

प्रगत देशाचे सारेच अनुकरणीय असते असे नव्हे. १८७८ साली नॉर्वेच्या संसदेने असा ठराव केला की, शाळेत तोंडी शिक्षण शक्यतो मुलांच्या स्वतःच्या बोलीत द्यावे. दऱ्याखोऱ्यांतील शेतकऱ्यांच्या बोलींचा असा मान राखणाऱ्या त्याच देशाने उत्तरेकडील सामी या आदिवासी लोकांच्या मुलांना मात्र निराळा न्याय लावला. १८९८ च्या परिपत्रकाने शाळेतील सामी भाषेचा वापर अगदी नाइलाजापुरता मर्यादित केला. पुढे वसतिगृहांच्या शाळा निघाल्या व लहान मुले महिनोन्महिने घरापासून दूर राहू लागली. कित्येक मुलांना शिक्षकाचे बोलणेच समजत नसे. ती मुकाट बसून राहत व मंदबुद्धी ठरत. मोठेपणी त्यांतील अनेकांनी स्वतःच्या मुलांशी सामी बोलणे सोडून दिले.

१९७० नंतर आल्टा नदीवर धरण बांधण्याची योजना पुढे आली. मूळ आराखड्यात मासी हे सामी गाव बुडणार होते. ते पुढे वगळण्यात आले, तरी धरणाविरुद्ध मोठे आंदोलन झाले. धरण १९८७ साली पुरे झाले. परंतु त्या आंदोलनातून सामी कायदा व १९८९ साली सामी लोकांची स्वतःची प्रतिनिधिसभा निर्माण झाली. सरदार सरोवराच्या पाण्याखाली अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांतील गावांची घरे-शेते गेलेली ज्यांनी पाहिली, त्यांना या कथेतील व्यथा परकी वाटू नये. १९९७ साली नॉर्वेच्या राजाने व २०२४ साली तेथील संसदेने सामी लोकांची क्षमा मागितली. भाषेवर झालेली जखम भरून काढावयास एवढा संपन्न देशही अजून धडपडत आहे.

पावरी व भिली बोलणारे सहा वर्षांचे मूल धडगावच्या परिसरातील शाळेत प्रथम येते, तेव्हा प्रमाण मराठी त्याला जवळजवळ परभाषाच असते. भारतीय संविधानात १९५६ साली घातलेला ३५०-क हा अनुच्छेद भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करण्यास सांगतो. शिक्षणहक्काच्या कायद्यातही शक्यतो मातृभाषेतून शिकविण्याची तरतूद आहे. मुलाच्या बोलीतील शब्द प्रथम ऐकावा, त्यास मराठी शब्दाची जोड द्यावी आणि मग अक्षराकडे वळावे, हा क्रम सोडल्यास गळती होते व दोष मुलाच्या माथी मारला जातो.

वर्गात काय करावे

देशांची तुलना शिकविताना पुढील गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

१. नुसता क्रमांक सांगू नये. तो कशावरून काढला ते सांगावे व भाकरीचे उदाहरण देऊन सरासरीचा अर्थ मुलांकडूनच वदवून घ्यावा.

२. आजच्या स्थितीसोबत पूर्वस्थिती सांगावी. झाडाच्या सालीची भाकरी खाणारा देश पुढे कसा आला, हे ऐकलेले मूल स्वतःच्या गावाकडे निराळ्या दृष्टीने पाहते.

३. मोजमाप घरापासून सुरू करावे. पाड्यावर पाणी किती अंतरावरून आणावे लागते, दवाखाना किती दूर, वीज किती घरांत, आजी किती शिकली व नात कोणत्या इयत्तेत आहे, यांची नोंद चौथीच्या मुलांनाही करता येते. आमचुरासाठी वाळविलेल्या कैऱ्या व मोहाची फुले यांच्या तोलावर बेरीज-वजाबाकी शिकविता येते. तराजूपुढे फसगत न होणे हाही विकासच होय.

४. कामासाठी गाव सोडून जाणाऱ्या कुटुंबांतील मुलांची यादी दिवाळीपूर्वीच करावी आणि ती परतल्यावर त्यांचा अभ्यास जेथे तुटला असेल तेथूनच जोडून घ्यावा.

५. कमी पटाच्या शाळेस ओझे समजू नये. एकेका शेतघरी चार-पाच मुले जमवून शिकविणाऱ्या फिरत्या शिक्षकांवरच एका देशाच्या साक्षरतेचा पाया उभा राहिला.

अहवालांतील क्रमांक आज ना उद्या बदलतील. ते बदलावयाचे ते राजधानीतील कचेरीत बदलत नाहीत. पावसाळ्यात नाला ओलांडून शिक्षक पाड्यावर पोहोचतो व तेथील मुलीला तिच्या बोलीत हाक मारून जवळ बसवितो, त्या दिवशी त्यांची सुरुवात होते. दोन देशांमधील अंतर नकाशावर हजारो मैलांचे असले, तरी एका मुलापुरते ते कमी करणे प्राथमिक शिक्षकाच्या हाती आहे.