दुधाच्या पिशवीचा कोपरा

आम्ही रंकाळ्याच्या काठच्या गल्लीतल्या बायका. बचत गटात आम्ही 11 जणी. आज इथं बोलायला तिघी आलोय, बाकीच्या कट्ट्यावर कचरा निवडत बसल्यात. सोमवार आहे ना! रविवारी संध्याकाळी निम्मं कोल्हापूर चौपाटीवर भेळ खायला येतं, आणि भेळ खाऊन झाल्यावरचं काम आमच्याकडं.

सुरुवात आम्ही चुकीच्या टोकाकडून केली, ते आधी सांगतो. तळ्यात कचरा आहे म्हणजे तळ्यातनं काढायचा, एवढंच डोक्यात होतं. पदर खोचून काठावर उतरलो. बाटल्या, पिशव्या, थर्माकोल, हारांचे दोरे. चार दिवसांत पोत्यांचा ढीग लागला. भाड्याच्या हातगाडीवर घालून भंगाराच्या दुकानात नेला, तर दुकानदारानं एक पोतं सोडून बघितलं आणि म्हणाला, "मावशी, ह्यात माल कमी, चिखल जास्त." नुसत्या बाटल्या घेतल्या, त्यातही ओल्या म्हणून वजन कापलं. गाडीचं भाडं देऊन वाटणी केली, तर एकेकीच्या हातात चहापुरते पैसे आले.

तेव्हा आम्ही 13 होतो. दोघी त्याच आठवड्यात सुटल्या. एकीनं धुण्याभांड्याचं एक घर सोडून आमच्यात यायला सुरुवात केली होती. तिला समजवायला गेलो, "अगं, तळं वाचतंय की!" ती म्हणाली, "तळं वाचेल, पण पोरीची फी कोण भरणार?" ह्यावर आम्ही गप्प बसलो. आजही तिचं म्हणणं आम्हाला चुकीचं वाटत नाही.

मार्ग सापडला तो भंगारवाल्याच्या काट्यावरच. दुधाची पिशवी तळ्यातनं काढली तर कुणी फुकट घेत नाही. तीच पिशवी घरातनं धुऊन, वाळवून आली तर किलोवर विकते. बाटलीचंही तसंच. शिवाय पाण्याची बाटली ज्या प्लॅस्टिकची असते ते पाण्यापेक्षा जड, आणि टोपणाचं हलकं. बाटलीत पाणी शिरलं की ती तळाला जाते, टोपण वर तरंगत राहतं. म्हणजे काठावरनं आम्ही वेचत होतो ती बरीचशी टोपणं, आणि बाटल्या खाली गाळात! हातानं वेचून हे संपणार नाही, हे तिथं कळलं. कचरा पाण्यात पडायच्या आधीच धरायचा, म्हणजे तळ्याचंही भलं आणि आमचंही.

मग दारं वाजवायला लागलो. पहिले दोन महिने काय काय ऐकलं ते रेडिओवर सांगण्यासारखं नाही. एका घरात तर, कचरा मागायला आल्या म्हणून आमच्या हातावर शिळी भाकरी ठेवली. आमच्यातली थोरली म्हणाली, "वहिनी, भाकरी नको, पिशव्या द्या." तेच घर आता बुधवारी आणि शनिवारी पिशव्या दोरीवर वाळवून ठेवतं. कचरा घरानंच वेगवेगळा करून द्यायचा, हे घनकचऱ्याच्या नियमांतच लिहिलंय. म्हणजे आम्ही उपकार मागत नाही. हे कळल्यापासून दारात उभं राहताना मान वर असते.

हिशेब विचारतात म्हणून सांगतो. एक लिटरच्या साधारण 40 ते 50 बाटल्या झाल्या की एक किलो होतो. अर्ध्या लिटरच्या दुधाच्या पिशव्या आम्ही एकदा मोजल्या, 300 च्या आसपास भरल्या. एका घराचा किलो कधी होणार? पण गल्लीचा होतो. टोपण वेगळं, बाटली वेगळी, पिशवी वेगळी, पुठ्ठा वेगळा केला की भाव चढतो, आणि वजन आम्ही आता आमच्या काट्यावर आधी करून नेतो. का, ते विचारू नका. ह्यात कुणाचा पगार सुटत नाही. पण किराण्याची उधारी मिटते आणि गटाचा हप्ता चुकत नाही. फी म्हणणारी ती मैत्रीण धुण्याभांड्याची कामं धरून आठवड्यातले दोन दिवस आमच्यात निवडायला बसते.

फुलांचं काम निराळं. गणपतीत काहिलीत विसर्जन होतं, इराणी खणीवर होतं, तिथलं निर्माल्य आम्ही गोळा करतो. ही फुलं पाण्यात कुजली की पाण्यातला प्राणवायू खातात, मासे मरतात आणि जलपर्णीला खत मिळतं. पहिल्या वर्षी आम्ही नुसती ओली फुलं खड्ड्यात भरली. असा वास सुटला की शेजारच्यांनी खड्डा बुजवायला लावला! पुढच्या वर्षी पालापाचोळा आणि रसाच्या गाड्यावरची चिपाडं बारीक करून थराथरानं घातली, शेणकाला शिंपडला, आठवड्याला उलथापालथ केली. दोनेक महिन्यांत खत तयार झालं. ते कुंड्यांसाठी विकलं जातं. हारातला दोरा आणि चमकी मात्र हातानंच काढावी लागते.

नाल्यांतनं येणारं सांडपाणी आमच्या पोत्यात मावत नाही. ते ज्यांचं काम त्यांनी करायचं, आणि ते आम्ही दर वेळी जाऊन सांगतो.

तुमच्याकडं दोन मागणी आहेत. सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून वर लाल खूण करा. तो पुडा बाईच्याच हातात येतो. आणि दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नका, पिशवीला लागलेला राहू द्या. तो चिमुकला तुकडा आम्हाला वेचता येत नाही. मोरीतनं गटारात जातो, गटारातनं नाल्यात आणि पुढं रंकाळ्यात.